विहीरवाल्याचा शेवट

सावनेरच्या नामदेवरावांनी मला माझ्याच घरात फसवलं, आणि त्यासाठी त्यांना सोफ्यावरून उठावंसुद्धा लागलं नाही.

हे मी रागानं लिहीत नाही. (रागानंच लिहितो आहे, पण घरातल्यांना तसं सांगितलेलं नाही.) नागपूरच्या इतवारी बाजारात माझं नळ-पाईपांचं दुकान आहे. दुसऱ्याच्या दुकानात पाईप उचलण्यापासून सुरुवात केली आणि आज तीन मजल्यांचा मालक आहे, तो फक्त एका कलेच्या जोरावर. ती कला म्हणजे उठून जाणं. समोरच्याला आपलं म्हणणं एकदाच सांगायचं. तो नाही म्हणाला की उठायचं, पाठ फिरवायची आणि सावकाश चालू लागायचं. मागं वळून पाहायचं नाही. उंबरठ्याशी पोचेपर्यंत मागून हाक येतेच, "या न जी शेठ, बसा, चाय तर घ्या!" अशी हाक मला कानपूरच्या कारखानदारानं दिली आहे, राजकोटच्यानं दिली आहे, आणि एकदा तर एका बँकेच्या मॅनेजरनं दिली आहे.

ही कला मला शिकवली टोपीदादानं.

टोपीदादा म्हणजे तो घोड्यावरच्या पिक्चरमधला अमेरिकन नट. आता फार म्हातारा झाला आहे, पण आमच्या तरुणपणी आख्खं नागपूर त्याच्यावर फिदा होतं. त्याचं खरं नाव आमच्या जिभेला कधी वळलं नाही, म्हणून टोपीदादा. पिक्चरची इंग्रजी नावंही कुणाला वाचता येत नसत, म्हणून जो तो त्यात जे घडतं त्यावरून नाव ठेवायचा. पूल उडवतो तो पुलवाला. खेचरावर बसून लग्नाला जातो तो खेचरवाला. आणि सर्वांत थोर, तो विहीरवाला. मी तो आमच्या टॉकीजमध्ये सात वेळा पाहिला, सातही रविवारी, कारण दुकानाला सुटी रविवारीच असे.

विहीरवाल्यात एक उजाड गाव आहे. विहीर तिघा दांडगट भावांच्या ताब्यात. तहानलेल्या माणसांसाठी टोपीदादा पाणी मागायला येतो, आपली अट एकदाच सांगतो, भाऊ नाही म्हणतात. तो पाठ फिरवतो आणि रखरखीत उन्हात चालू लागतो. पाठमोरी टोपी लहान लहान होत जाते, आणि पडदा पांढरा! दिवे लागतात. लोक शिट्ट्या मारत उठतात. पुढं काय झालं ते दाखवायची गरजच काय? अशा माणसाला परत बोलावल्याशिवाय कोण राहील? त्या पांढऱ्या पडद्यावर मी माझं आयुष्य उभं केलं.

तर गेल्या मे महिन्यात माझ्या पल्लवीच्या लग्नाची बैठक आमच्या घरी होती. मुलगा निखिल, नामदेवरावांचा एकुलता एक. दोघं एकाच कंपनीत कामाला, आणि एकमेकांना आमच्या आधीच पसंत. पाहुणे यायच्या आधी पल्लवीनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, मले हाच मुलगा पाहिजे. आज दुकानासारखं करू नका."

"मी कधी केलं?"

तिच्या आईनं, म्हणजे सुमननं, सांभारवडी तळता तळता नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी शब्द दिला.

सगळं झकास चाललं होतं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची तारीख ठरली, मानपान नको असं दोन्हीकडून ठरलं. अडलं फक्त एका ठिकाणी. नामदेवराव म्हणाले, लग्न सावनेरला व्हावं, गावातल्या म्हाताऱ्यांना प्रवास झेपत नाही. मी म्हणालो, नागपुरात, माझा सगळा बाजार येणार. ते हसले. मीही हसलो. (मी हसलो की सुमन आत गॅस बंद करते.) वातावरण हलकं करायला निखिलनं सांगितलं की त्याच्या बाबांनाही जुन्या इंग्रजी पिक्चरचं वेड आहे, विशेषतः तो टोपीवाला.

मी सोफ्याच्या कडेवर आलो. "टोपीदादा?"

"मंग!" नामदेवराव म्हणाले.

पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे बोलत होतो. खेचरवाल्यातली वरात, पुलवाल्यातला एका हातानं पेटवलेला सुरुंग. मला वाटलं, देवानं हा व्याही माझ्यासाठीच घडवला. आणि त्याच भरात मी विचारलं, सगळ्यांत उत्तम कोणता?

"पुलवाला," ते म्हणाले. "त्यात शंकाच नाही."

मी बशी खाली ठेवली. मी शांतपणे विहीरवाल्याची बाजू मांडली. (पल्लवी म्हणते, शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.) मी म्हणालो, पुलवाल्यात नुसता धूर आहे. विहीरवाल्यात माणूस आहे. शेवटी तो पाठ फिरवून निघून जातो, तसं जाणं जगात कुणाला जमलं नाही.

नामदेवरावांनी सांभारवडीचा तुकडा मोडला. "पण भाऊ, थो परत येते न."

"कोण परत येते?"

"टोपीदादा. चालून चालून थकते, मंग परत येते न पाणी मागते."

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. मी म्हणालो, तुम्ही दुसराच पिक्चर पाहिला असेल. ते म्हणाले, विहीरवाला एकच आहे. मी म्हणालो, मी सात वेळा पाहिला. ते म्हणाले, मी एकदाच पाह्यला, पण पुरा पाह्यला. आता हे कोणी का ऐकून घ्यावं? टोपीदादा परत येतो आणि पाणी मागतो म्हणणारा माणूस उद्या माझ्या मुलीला काय काय सांगेल?

आणि तेवढ्यात माझ्यातला दुकानदार जागा झाला. एका दगडात दोन्ही कामं होत होती. मी म्हणालो, "लग्न नागपुरात. आणि विहीरवाला उत्तम. हे दोन्ही कबूल असेल तर पुढं बोलू."

"सावनेर," नामदेवराव शांतपणे म्हणाले. "आणि पुलवाला."

मी उठलो. पाठ फिरवली. सावकाश चालू लागलो.

फाटकापाशी पोचलो तेव्हा लक्षात आलं की हे घर माझंच आहे.

बेचाळीस वर्षांत मी शेकडो ठिकाणांहून उठून गेलो, पण ती सगळी ठिकाणं दुसऱ्याची होती. आपल्याच घरातून उठून गेल्यावर कुठं जायचं असतं, हे टोपीदादानं दाखवलं नव्हतं. वर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. चपलांकडे पाहिलं तर त्याही माझ्या नव्हत्या. नव्या कोऱ्या, करकर वाजणाऱ्या, नामदेवरावांच्या. म्हणजे आता त्यांना जाताही येत नव्हतं आणि मला येताही येत नव्हतं.

मी हाकेची वाट पाहिली. हाक आली नाही. समोरच्या घरातून निवृत्त मास्तरांनी डोकावून विचारलं, "काहून जी, पाहुणे आले म्हणे तुमच्या घरी?" मी म्हणालो, हो, आलेत. ते म्हणाले, मग तुम्ही काय करून राहिले बाहेर? मी कुलरमध्ये पाणी आहे का ते पाहायला आलो असं सांगितलं, आणि मग खरोखरच कुलरपाशी जाऊन उभं राहावं लागलं.

कुलर बैठकीच्या खिडकीत बसवलेला. आतल्या लोकांना गार वारा, बाहेरच्याला नुसता खडखडाट. कुलर आणि चौकट यांच्यात चार बोटांची फट आहे. मी डोळा लावला. घशाला कोरड पडली होती. आत नामदेवराव तसेच बसले होते, दुसरी वडी खात. आणि निखिलनं मोबाइल माझ्याच मोठ्या टीव्हीला जोडला होता. पडद्यावर विहीरवाला चालू होता.

टोपीदादा पाठ फिरवून चालला होता. मी श्वास रोखला. आता पडदा पांढरा होणार.

झाला नाही. तो चालतच राहिला. मागून कुणी हाक मारली नाही. एका वठलेल्या झाडाखाली बसला, ओठ फुटलेले. मग उठला, आला त्याच वाटेनं परत निघाला. विहिरीपाशी आला, टोपी काढली, दोन्ही हातांत धरली, आणि काहीतरी बोलला. कुलरच्या आवाजात मला शब्द ऐकू आले नाहीत. ऐकायची गरजही नव्हती. तिघांतल्या धाकट्यानं बादली पुढं केली.

फटीतून मला पल्लवी दिसत होती. ती टीव्हीकडे पाहत नव्हती. दाराकडे पाहत होती.

मी चपला काढल्या, आत गेलो आणि म्हणालो, "पाणी."

नामदेवराव आता उठले. त्यांनी स्वतः तांब्यातून पेला भरून दिला. मी एका दमात प्यालो आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणालो, "लग्न सावनेरला." पल्लवीनं तोंडावर ओढणी धरली. हसत होती की रडत होती, मी पाहिलं नाही.

"पण भाऊ," नामदेवराव संकोचून म्हणाले, "मी तर नागपुराले हो म्हणायलेच आलो होतो. गावातल्या बुढ्यांसाठी गाडी पण सांगून ठेवली होती. तुम्हीच उठून गेले."

"मग हाक काहून नाही मारली?"

"मले वाटलं, तुमी बाथरूमले गेले."

आता शब्द दिल्यावर मागं घेणारा मी नाही. लग्न सावनेरला होणार. त्या टॉकीजचा उलगडाही त्यांनीच केला. रविवारी चार खेळ बसवायचे म्हणून मॅनेजर शेवटची दोन रिळं लावतच नसे. इतर दिवशी पुरा पिक्चर. सावनेरहून सिनेमाला येणाऱ्या पोरांनासुद्धा हे ठाऊक होतं, म्हणून ती मधल्या वारी यायची. ती टॉकीज आता नाही, मॅनेजरही कुठं आहे कुणास ठाऊक. त्याला मी माफ करून टाकलं.

पण पाहुणे गेल्यावर जेवताना सुमन वरण वाढत सहज म्हणाली, "मी पाह्यला होता तो. लग्नाआधी, बुधवारी, कॉलेज बुडवून. परत येते तो, हे मले माहीत होतं."

घास माझ्या हातात राहिला. तेहतीस वर्षांचा संसार! या घरातून मी किती वेळा पाठ फिरवून निघालो असेन, आणि दर वेळी ही बाई निवांत भाजी निवडत बसली. मला वाटायचं, घाबरून गप्प आहे.

"मग सांगितलं काहून नाही मले?"

तिनं तूप वाढलं. मी पानावरून उठलो, पाठ फिरवली आणि व्हरांड्यापर्यंत गेलो. हाक आली नाही. वरण निवत होतं म्हणून माझा मीच परत येऊन बसलो. पण तेहतीस वर्षांचा जवाब मला पाहिजे, आणि तो तिनंच द्यावा.