बिनकांद्याची चटणी

डबा उघडला तरी ती लगेच जेवत नसे. कागदी रुमालाचे कपटे करून त्यांवर भाताची चार-चार शितं ठेवायची, वर चिमूटभर मीठ. मग एक कपटा मायक्रोवेव्हवर, एक सिंकपाशी, एक दाराजवळ जमिनीवर मांडून यायची. "आधी त्यांचं, मग आपलं," म्हणायची आणि जेवायला बसायची.

मिल्टन कीन्समधल्या त्या ऑफिसात मी नवीन होते आणि कुणाशी बोलत नसे. ती मूळची पुण्याची, माझ्याहून बरीच मोठी. मी तिला ताई म्हणायचे. क्लीनर ते कपटे उचलून टाकायचा, पण तिला वाईट वाटत नसे. एकदा दिलं की उरतो तो कचराच, असं तिला सासूने शिकवलं होतं.

सासू बालीची; तिकडे जेवणाआधी देवाभुतांसाठी असा घास ठेवतात. नवरा आधी जहाजावर स्वयंपाकी होता, मग इथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये लागला. त्यांच्याकडे लग्न झालं की मुलीचे पूर्वज बदलतात, म्हणून आधी माहेरच्या देवांचा निरोप घ्यायचा असतो. ती त्यासाठी पुण्याला गेली, तर वडिलांनी देवघराचं दार लावून घेतलं. तिने बाहेरूनच नमस्कार केला. हे सगळं ती बसची वेळ सांगावी तसं सांगायची. "बाबा रोज ताटाभोवती चित्राहुती घालायचे. मी तेच करते, फक्त ताटापासून जरा लांब."

तिच्या डब्यात रोज एक चटणी असे. छोटे लालसर कांदे, मिरच्या, गवती चहाचा पांढरा दांडा, सगळं कच्चं, बारीक चिरलेलं, वर गरम खोबरेल तेल. लहानपणी केसांना लावलेलं तेल जेवणात, म्हणून मी आधी नाक मुरडलं. मग खाल्ली आणि तोंडातून धूर निघाला. पाण्याचा ग्लास सरकवत ती म्हणाली, "ये, आमच्यात ये."

मराठी मंडळात मात्र तिची चेष्टा व्हायची. ती नवऱ्याला 'ब्ली' म्हणायची. त्याचा अर्थ दादा, हे एका काकूंना कुठूनतरी कळलं. "नवऱ्याला दादा म्हणतेस गं?" काकूंनी भर कार्यक्रमात विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही 'अहो' म्हणता, काकू. त्याचा अर्थ तरी काय?" काकूसुद्धा हसल्या.

नवऱ्याचा कॅन्सर फार उशिरा कळला. त्याला घरी, बालीत जाऊन मरायचं होतं, पण डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू दिलं नाही. तो हॉस्पिसमध्ये गेला आणि ती अर्धा दिवस कामावर येऊ लागली. चटणी डब्यात असायची, पण त्यात कांदा नसायचा. बऱ्याच दिवसांनी मी विचारलं.

"सासूबाईंचा फोन होता," ती म्हणाली. "रडायचं नाही म्हणाल्या. अश्रू पडले तर त्याचा पाय निघणार नाही. अस्थी समुद्रात जाईपर्यंत नाही रडायचं."

"पण कांदा?"

"कांद्याने सुरू झालं तर ते थांबवता येईल का मला?"

तो गेला. क्रेमेटोरियममध्ये पेटी उघडी होती आणि ती खुर्चीत ताठ बसली होती. आपल्या बायका अशा वेळी काय म्हणतात, ते तुम्हालाही माहीत आहे. "रड गं, मोकळी हो," काकू म्हणत होत्या. त्या स्वतः रडत होत्या, अगदी मनापासून. फूल वाहायला वाकल्या तेव्हा त्यांचा एक थेंब त्याच्या हातावर पडला. ती उठली. लहान मुलाचं तोंड पुसावं तसा तिने तो हात पुसला, मग प्रत्येक बोट वेगवेगळं पुसलं.

"काकू, मागे व्हा."

तिचा तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नंतर कार पार्कमध्ये कुणीतरी म्हणालं, "प्रेम तरी होतं का हिचं?" ती ऐकू जाईल इतक्या जवळ उभी होती. तिने गाडीचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली.

बालीतल्या पुजाऱ्याने अस्थी समुद्रात सोडायचा दिवस काढून देईपर्यंत महिने गेले. ती रोज कामावर यायची, कपटे मांडायची, बिनकांद्याची चटणी खायची. ड्रेस खांद्यांवरून ओघळू लागले होते. तिच्या डोळ्यांकडे बघायचं मी टाळायचे.

जायच्या दिवशी मी तिला हीथ्रोच्या कोचपर्यंत सोडायला गेले. अस्थी पांढऱ्या कापडात बांधून तिने मांडीवर घेतल्या होत्या. बाकावर बसून तिने सँडविच उघडलं, कोपरा मोडून त्या गाठोड्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, "आधी त्याचं." मग स्वतः एक घास खाल्ला आणि उरलेलं तसंच गुंडाळून ठेवलं.

"समुद्र झाला की फोन करते," ती म्हणाली. "तुला एकटीलाच."

ती परत आली नाही. फोन मात्र आला, जेवणाच्या सुट्टीत. लाईन खराब होती. मागे बायकांची बोलणी ऐकू येत होती आणि फळीवर सुरी चालल्याचा आवाज.

"आज कांदे घेतलेत चिरायला," ती म्हणाली. "पाटीभर आहेत."

मग सुरी थांबली. मी फोन कानाला धरून ठेवला. मागच्या बायका एकेक करून गप्प झाल्या आणि नुसता तिचाच आवाज येत राहिला. लाईन तुटली तेव्हा माझ्यासमोरचा भात गार झाला होता.