विनोदचा कान

विनोद भाटकरचं गॅरेज मांडवीला. नुसत्या आवाजावरून इंजिनातला बिघाड ओळखणारा माणूस म्हणून दूरदूरची गिऱ्हाइकं त्याच्याकडे यायची. साठीच्या आसपास त्याला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. हे त्यानं कुणालाच, अगदी बायकोलाही कळू दिलं नाही.

अशात आंबा बागायतदार वरद केळकरांची जुनी टर्बो गाडी आली. उभ्या उभ्या इंजिन थरथरायचं, मिसिंग करायचं, म्हणजे मधेच ठोका चुकायचं. विनोदनं प्लग बदलले, कॉइलची अदलाबदल करून पाहिली. फरक नाही. शेवटी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून त्यानं मूठ कानाशी धरली, डोळे मिटले. काही कळेना, आणि वरद समोर उभा.

"पेट्रोलात भेसळ आहे," विनोद म्हणाला.

पेट्रोल भरायचं काम वरदचा ड्रायव्हर बाबल्या याचं. हा कुठूनतरी स्वस्तातलं सुटं पेट्रोल भरतो, असं वरदनं धरलं आणि त्याला कामावरून काढलं. बाबल्यानं शपथा घेतल्या, त्या फुकट गेल्या. विनोदच्या कानावर आलं तेव्हा त्यानं मनाची समजूत घातली, की आपण काही बाबल्याचं नाव घेतलं नव्हतं.

टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरलं तरी मिसिंग तसंच. गाडी पुन्हा गॅरेजात आली. दुपारी विनोदची बायको गंगा डबा घेऊन आली, तेव्हा इंजिन चालूच होतं.

"अहो, हे फुसफुसतंय काय?"

"कुठे?"

"हे काय, इथे मागे. कुकरची वाफ गळते तसं."

तिनं बोट दाखवलं तिथे टर्बोच्या धगीनं कडक होऊन चिरलेला बारीक रबरी पाइप होता. त्यातून इंजिन नको ती हवा ओढत होतं. विनोदनं फडक्यानं चीर दाबली. थरथर तिथल्या तिथे थांबली. हात काढला, पुन्हा सुरू.

"सापडलं की," गंगा खुशीत म्हणाली.

विनोद वाकलेलाच राहिला. "मला ऐकू नाही येत गो," तो इंजिनाकडे बघत म्हणाला.

पाइप बदलून तो स्वतः गाडी घेऊन वरदकडे गेला. "पेट्रोल चांगलंच होतं. मला कळलं नाही, म्हणून ठोकून दिलं." वरदचीही मान खाली गेली.

बाबल्या तोवर जयगडला बंदरात ट्रक चालवायला लागला होता. रविवारी विनोद त्याच्या घरी गेला. बाबल्याच्या बायकोनं, गोदानं, दार उघडलं, पण या म्हटलं नाही. बाबल्याच बाहेर आला. विनोदनं सगळं सांगितलं.

"मागून हाक मारली तर तुम्ही वळायचा नाहीत, दादा," बाबल्या म्हणाला. "मला कधीचं ठाऊक होतं."

"मग वरदला का नाही सांगितलंस?"

"तुमचं गॅरेज त्या कानावर चालतं."

पायरीवर ठेवलेल्या चपला विनोदला सरळ घालता येईनात.

वरदनं पुन्हा बोलावलं, पण बाबल्या गेला नाही. विनोदनं कानाचं यंत्र घेतलं. गिऱ्हाइकांनी यंत्राबद्दल विचारलं की ऐकू येत नाही, असं सरळ सांगतो. बाजारात भेटला की बाबल्या स्वतःहून थांबतो, चौकशी करतो. विनोदला मात्र अजून त्याच्या नजरेला नजर देता येत नाही.