साबुदाण्याची खळ आणि शिडाची होडी

जयनगरातल्या आमच्या गच्चीवर एक शिडाची होडी होती. बंगळुरात समुद्र नाही, हे घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला आवर्जून सांगायचा!

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यातले एक साहेब बदली होऊन जाताना ती होडी माझ्या गळ्यात मारून गेले. (मला ती बक्षिसी वाटली.) उन्हाळ्यात जवळचं तळं आटलं की होडी गच्चीवर पालथी पडायची आणि मी तिला खरवडत, भेगांत पुट्टी भरत, वॉर्निश चोपडत बसायचो. बायकोचं, म्हणजे वसुधाचं, वाळवण मात्र जिन्यात!

एक दिवस तिनं फर्मान काढलं. "यंदा मला बसवून तळ्यापलीकडे नेलंत तर होडी राहील. नाहीतर ती भंगारात आणि गच्ची माझी. सरी? कबूल?"

"सरी," मी म्हणालो. फार जीव होता हो माझा त्या होडीवर!

होडी चकाचक झाली. राहिलं शीड. धुतल्यावर ते अगदीच लुळं पडलं. आमच्या घरात लुळ्या कापडावर एकच इलाज: साबुदाण्याची खळ! मी पातेलंभर शिजवली.

"अरे, एवढी दाट? स्वल्प पाणी घाल की," आई म्हणाली.

"शीड आहे आई, झंपर नव्हे!"

वाळल्यावर शीड भिंतीला टेकवून उभं करता येत होतं.

पावसानं तळं भरल्यावर काठावर आईनं नारळ फोडला. वसुधा म्हैसूर सिल्क नेसून होडीत बसली. वारा आला, शिडावर आपटला आणि निघून गेला. ते फुगेचना! होडी जागच्या जागी गोल फिरू लागली.

"अहो, ही प्रदक्षिणा कुणाला?"

"वारा वळण घेतोय," मी बाणेदारपणे म्हणालो.

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. शीड मऊ पडलं, फुगलं, होडी निघाली. जिंकलो! आणि वरून खळ गळू लागली. सिल्कवर, माझ्या चष्म्यावर, फळ्यांवर! मासे गोळा झाले, वर कावळे जमले. एकाला हाकलायला मी उठलो, खळीवरून घसरलो आणि थेट पाण्यात!

"मेलो!" मी ओरडलो.

"उभे राहा," वसुधा म्हणाली.

पाणी कमरेएवढं होतं. मग होडीचा दोर खांद्यावर घेतला आणि चिखल तुडवत तिला पलीकडे ओढत नेली.

"पोचलो की नाही?"

"पोचलो. पण बैलगाडीनं!"

होडी गेली. शीड तेवढं वसुधानं कुरडया घालायला ठेवलं. गच्चीवर वारा सुटला की आता ते झकास फुगतं. शिडाला कोपरे तीन. दोन कोपऱ्यांवर विटा ठेवतात, तिसऱ्यावर मी बसतो.