माझ्या घरी खलबत्ता नव्हता

उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं तुटली त्या दिवशी मी रडले नाही. रडले दुसऱ्या दिवशी, आणि तेही संतापाने.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत डब्यांची झाकणं दाबायच्या प्रेसवर मी कामाला होते. प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. पण तशाने माल कमी निघतो, म्हणून सुपरवायझरने प्रत्येक मशीनचं एक बटण सुतळीने आवळून कायमचं दाबून ठेवलेलं. डाव्या हाताने दुसरं बटण दाबायचं, उजव्याने पत्रा सरकवायचा. एक दिवस पत्रा अडकला आणि ठोकळा बोटांवर आला.

सुपरवायझरने मला रिक्षात घातलं आणि कामगार विम्याच्या हॉस्पिटलऐवजी आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. मला वाटलं, किती भला माणूस, लांब नको म्हणून जवळ आणलं. कसला भला! विम्याच्या हॉस्पिटलात अपघाताची नोंद झाली असती. दुसऱ्या दिवशी तो आमच्या चाळीत आला. एका हातात सफरचंदांची पिशवी, दुसऱ्यात टाइप केलेला कागद. माझी बोटं घरी खलबत्त्यात चेचली, असं त्यात लिहिलेलं.

"आमच्या घरी खलबत्ता नाही," मी म्हटलं. "पाटा-वरवंटा आहे. या आत, बघून घ्या."

"अहो ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे. बऱ्या झालात की साहेब कामावर घेणारच आहेत. हात बांधलाय ना, डावा अंगठा द्या, चालतो." त्याने शाईचा पॅड उघडला.

खरं सांगते, सही मागितली असती तर मी केली असती. नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलेलं, घर माझ्या कामावर चाललेलं. नवरा समोरून डोळ्यांनीच 'दे' म्हणत होता. पण अंगठा? मी जुनी अकरावी पास. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार रोज माझ्या अक्षरात असायचा. माझ्या आईने जन्मभर अंगठा उठवला, आणि मला शाळेत घालताना एवढंच म्हणाली होती की तू उठवू नकोस.

"मला सही येते," मी म्हटलं. "हात बरा झाला की बघू."

"तोवर नोकरी राहते का तेही बघा." एवढं बोलून तो निघाला आणि जाताना सफरचंदं उचलून घेऊन गेला. तेव्हा मात्र मी रडले.

संध्याकाळी शेजारच्या मशीनवरची बाई आली, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. नवरा तिच्यादेखत मला म्हणाला, "अगं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"दादा, मासा कसा धरायचा ता मना इचारा," ती म्हणाली. "सुतली बांधलेली मी बघितलीय. कुठं सांगाचा ता बोला."

सकाळी ती रजा टाकून माझ्याबरोबर विम्याच्या हॉस्पिटलात आली. "कामावर लागलं, प्रेसवर," असं मी डॉक्टरांना तीनदा सांगितलं आणि त्यांनी लिहिलेलं स्वतः वाचून पाहिलं. कारखाना निरीक्षकांच्या नावे अर्ज नवऱ्याने लिहिला, कुरकुरत, पण एक शब्द गाळला नाही. खाली मी डाव्या हाताने सही केली. पहिलीतल्या पोराचं अक्षर, पण सही.

दोन आठवड्यांनी निरीक्षक कारखान्यात आले, मलाही बोलावून घेतलं. सुपरवायझरने माझ्या मशीनची सुतळी कापून टाकलेली, पण बाकीची मशीन्स चालूच ठेवलेली, सुतळीसकट. माल कमी निघाला असता ना! कोळीण सगळ्यांसमोर बोलली. मग अपघाताच्या रजिस्टरात लिहिलं गेलं: कामावर असताना, प्रेसमध्ये, सुरक्षा-बटण बांधलेलं असल्याने.

नोंदीखाली या बाईंची सही घ्या, असं निरीक्षकांनी सुपरवायझरला सांगितलं. टेबलावर मशीनचे सुटे भाग पसरलेले होते, म्हणून रजिस्टर सुपरवायझरला हातातच धरावं लागलं. या वेळी त्याने शाईचा पॅड आणला नव्हता. मी डाव्या हातात पेन घेतलं आणि माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, एकेक अक्षर काढत पूर्ण लिहिलं. बराच वेळ लागला. तोवर तो रजिस्टर धरून उभा होता.