घासलेली कडी

बापाच्या गळाच्या काठीबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कॉलेजात सांगितलं असतं तर पोरं हसली असती, आणि गावात सांगितलं असतं तर कुणीच हसलं नसतं. मला दोन्हींची भीती वाटायची.

आमचं घर इंदापूरच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. बाप साखर कारखान्यावर हंगामी कामाला होता. गाळप संपलं की उन्हाळाभर मासे धरायचा. कळकाची लांब काठी, बुडख्याला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळायचं लाकडी रीळ, आणि तंगूस ओवून न्यायला काठीभर तारेच्या कड्या. कड्या त्यानंच वाकवलेल्या, दोऱ्यानं आवळून बांधलेल्या, वरून लाख दिलेली. घरी आला की गळ खालच्या कडीत अडकवून तंगूस ताणून ठेवायचा, गळ लोंबकळून कुणाला लागू नये म्हणून. मग काठी पडवीच्या वाशाखाली आडवी.

हिवाळ्यात तो गेला. झोपेतच गेला. मी तेव्हा बारामतीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, आमच्या घरातनं कॉलेजात गेलेला पहिलाच. परीक्षा संपवून उन्हाळ्यात घरी आलो, तर आत्या येऊन राहिलेली. बापाची धाकटी बहीण. तिनं मला दारातच गाठलं.

"तुझ्या आईचं काय खरं न्हाय. दुपारची भाकरी बांधती आन काठाला जाती. भाऊ बोलावतोय तिला."

"आई तसं म्हणाली?"

"म्हणाया कशाला लागतंय? मी काय आंधळी हाय?"

दुसऱ्या दिवशी मीही ऐकलं. दुपार कलली, पाण्यावरून वारा सुटला आणि पडवीतून बारीक आवाज आला. कुणी गुणगुणावं तसा, मध्येच कापरा. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तो आवाज मलाही ओळखीचा होता. बाप काठाला बसला की वाऱ्यानं त्याचं तंगूस असंच वाजायचं. काठावरच्या वेड्या बाभळीत दोन हातांपलीकडचं दिसत नाही. आई जेवण घेऊन यायची ती त्या आवाजाच्या रोखानं.

आवाज काठीचा आहे हे मला कळत होतं. आईलाही कळत असावं. तरी तिनं भाकरी फडक्यात बांधली आणि गेली. परत आली तेव्हा फडकं रिकामं होतं.

आत्यानं देवऋषी ठरवला होता. रविवारी येणार होता. आमच्या घरात ही गोष्ट साधी नव्हती. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. बाप म्हणायचा, "मेल्यालं माणूस माघारी येत न्हाय. आन आलंच तर पयलं जेवाय मागंल, लिंबू कशाला मागंल?" आता त्याच्याच पडवीत, त्याच्याच नावानं लिंबू कापलं जाणार होतं.

मी आईला म्हणालो, "तंगूस सैल करतो. आवाज बंद होईल."

"हात लावू नगंस. त्यांनी ठिवलीया तशी ऱ्हाऊ दे."

"मग रविवारी?"

ती उठून चुलीकडं गेली.

शनिवारी सकाळी तिनंच काठी खाली काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "काय झिजलंय बघ."

शेंड्याची कडी झिजली होती. वर्षानुवर्षं तंगूस घासून तारेत खाच पडलेली, अर्धी तार खाऊन टाकलेली. सैल झालेली कडी वाऱ्यानं तिथंच थरथरायची, आवाज तिचाच होता. काढल्याशिवाय इलाज नव्हता. त्या खाचेनं उद्या तंगूसही कापलं असतं. आईनं काठी मांडीवर धरली, मी बापाच्या दाढीचं पातं घेतलं. कडीच्या बुडाला, लाखेवर, अंगठ्याचा ठसा होता. लाख ओली असताना त्यानं दाबून धरली असणार.

"थांब," आई म्हणाली.

तिनं आपला अंगठा त्या ठशावर टेकवला. ठसा तिच्या अंगठ्याच्या बाहेरही उरला. बराच वेळ तिनं हात काढला नाही. मग म्हणाली, "काप."

लाख तडकली आणि तिचा भुगा झाला. दोरा उलगडत गेला. बापानं गाठ मारलीच नव्हती, टोक वेढ्यांखालून ओढून घेतलं होतं. खालचा कळक पिवळाधमक निघाला, ऊनच न लागलेला. बाकीची काठी काळवंडली होती. मला तिकडं बघवेना. कडी ओढावी लागली नाही, आपसूक हातात आली.

सायकलच्या दुकानातून आणलेली तार वाकवून मी नवी कडी बांधली. टोक वेढ्यांखालून घ्यायला मला जमेना. शेवटी गाठ मारली.

तंगूस पहिल्यासारखं ताणून काठी वाशाखाली ठेवली. दुपारी वारा सुटला. आम्ही तिघं पडवीत बसून होतो. काठी गप्प.

"गेला गं वयनी," आत्या पदर तोंडाला लावत म्हणाली.

"कडी गेली, वन्सं," आई म्हणाली. "तुमच्या त्या बाबाला सांगा, उद्या येऊ नगं म्हणावं."

"मी काय सांगू त्याला?"

"सांगा, पोरानं कडी बदलली. मासं धराया यायचं आसंल तर ये म्हणावं."

आत्याला आधी हसू आलं, मग रडू.

मला वाटलं, संपलं. पण रविवारी दुपारी भाकरी थापताना आई मान तिरकी करून ऐकत होती.

"वारा सुटला का रं?"

"सुटलाय."

"मग जा, बस जरा काठाला. मी भाकरी घिऊन येती."

मी बापाच्या जागेवर जाऊन बसलो. काठी हातात होती, मुकी. थोड्या वेळानं बाभळीत काटक्या मोडल्या. आई येत होती. मध्येच थांबली, बाजूला गेली, पुन्हा थांबली. तिला रोख लागत नव्हता.

"कुठं हाय?" तिनं हाक दिली. कुणाला, ते मला सांगता येणार नाही.

"हितं," मी म्हणालो.

काट्यांपलीकडं तिचे पाय जागच्या जागी थांबले. मला पुन्हा बोलायचा धीर झाला नाही. वारा तंगूसावरून जात होता आणि काहीच वाजत नव्हतं. मग फांदी बाजूला सारून ती बाहेर आली. माझ्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, आणि फडकं माझ्याशेजारी ठेवत म्हणाली,

"तूच व्हतास व्हय."