स्टँडसमोरचा डिजिटल बोर्ड

आमच्या कोल्हापुरात पोराचं बारसं असलं तरी चौकात फ्लेक्सचा डिजिटल बोर्ड लागतो. त्यामुळं आई-आबांच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू करायचं ठरल्यावर माझा धाकटा भाऊ आधी बँकेत गेला नाही, बोर्ड छापणाऱ्याकडं गेला.

आबा कोल्हापूरजवळच्या हुपरीत घरातच चांदीची पैंजणं घडवायचे आणि आई त्यांना घुंगरं जोडायची. दोघांचीही शाळा लवकर सुटलेली, पण आम्हा भावंडांना त्यांनी हट्टानं कॉलेजात घातलं. म्हणून दरवर्षी हुपरीतल्या एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च आपण उचलायचा, एवढंच माझ्या मनात होतं. पहिली मुलगी आमच्या जुन्या गल्लीतलीच निघाली. वडील नाहीत, आई अजून घुंगरं जोडते. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि शनिवारपर्यंत फी भरली नाही तर जागा जाणार होती.

बुधवारी मी एसटीतून हुपरीला उतरले तर स्टँडसमोरच बोर्ड. वर आई-आबा. खाली आमचे बंधुराज, गॉगल लावून. त्याच्या शेजारी ती पोरगी, आणि तिच्या फोटोखाली टपोऱ्या अक्षरांत ‘गरीब व होतकरू विद्यार्थिनी’. माझं डोकंच फिरलं.

तशीच तिच्या घरी गेले. तिची आई मान खाली घालून काम करत होती. पोरगी उंबऱ्यातच आडवी उभी राहिली.

“आक्का, मला नको तुमची शिष्यवृत्ती.”

“अगं, जागा जाईल की.”

“जाऊ दे. मी मागायला आलते काय? स्टँडवर उतरंल त्यो वाचतोय, मी गरीब हाय म्हणून.”

डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. मला तिचा राग आला आणि लगेच अभिमानही वाटला. आमच्या आईनंही हेच केलं असतं.

मी भावाला फोन लावला. “शिडी घेऊन ये.”

“आक्का, कालच लावलाय की. लोकांनी स्टेटसला ठेवलाय.”

“तू येतोस का मी चढू?”

आला, तोंड फुगवून. भर दुपारी, टपरीवरची माणसं चहा पीत बघत असताना आम्ही बोर्ड उतरवला. गुंडाळी घेऊन तिच्या दारात गेलो. “चुकलं माझं,” तो पुटपुटला. तिच्या आईनंच तोंड उघडलं.

“ते टाकू नगासा. आमचा पत्रा लई तापतोय, खालनं ताणून लावतो.” मग लेकीकडं वळून म्हणाली, “बोर्ड उतरला न्हवं? मग आवर आता. उद्या फी भराय जायचं हाय.”

दिवाळीला मी परत गेले. सुट्टीवर आलेली पोरगी जाडजूड पुस्तक घेऊन बसली होती. तिच्या डोक्यावर, पत्र्याखाली तो बोर्ड, छापलेली बाजू खाली करून. भाऊ, त्याचा गॉगल, तिचा स्वतःचा फोटो, ते टपोरे शब्द, सगळं कात्रीनं कापून टाकलेलं. राहिले होते फक्त आई-आबा.

“जरा आडवं झालं की दोघं वरनं बघत्यात,” ती म्हणाली. “झोपायची सोय न्हाय, आक्का.”

मी हसले आणि मग रडू काही आवरेना. फोटो जुनाच, माझ्या लग्नातला. पण त्यात दोघं इतकी समाधानी दिसतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.