तळ्याकाठचा रिकामा गाळा

सकवारबाईच्या घराण्यानं बेंगळूरच्या तळ्याकाठी कित्येक पिढ्या लुगडी रंगवली होती. नवरा गेल्यावर भट्टी आणि रंगाचे हंडे तिनं एकटीनं सांभाळले. गिऱ्हाइकांशी कन्नड, घरात मराठी. विश्वास मात्र कुणावरच चटकन टाकायची नाही.

१९५८ साली सरकारनं तो काठ सुधारायला काढला. दगडी पायऱ्या, बाग, नावा, दिवे, आणि काठावर राहणाऱ्यांसाठी पक्क्या गाळ्यांची ओळ. वस्तीच्या वतीनं बोलायला कमिटीवर गेला तिचा धाकटा भाऊ विठोजी. तो शाळा शिकलेला, बोलायला गोड.

“अक्का, तुझं काही जात नाही,” त्यानं सांगितलं. “गाळा मिळेल, हंडे तिथंच मांड. स्वल्प धीर धर.”

हे कुणी सांगितलं, तिनं विचारलं. कामावरच्या ओव्हरसियरनं, तो म्हणाला. आणि तो ओव्हरसियर रोज कॉफी कुणाकडे पितो, तुझ्याकडेच ना? विठोजीनं बागेचा विषय काढला. ते टाळणं तिच्या मनात रुतलं.

मग तिला सगळंच खुपू लागलं. भावाचा नवा कोट खुपला. भावजय वाटेत नुसती हसली, तरी हिला कशासाठी हसली म्हणून दिवसभर चैन पडेना. शेजारच्या रंगारीण अंबूबाईला तिनं सांगून टाकलं, की माझा भाऊच आपल्याला विकतोय. अंबूबाईनं ते खरं मानलं. दोघींनी जागा सोडायच्या संमतीचा अंगठा दिला नाही.

काम थांबलं नाही. त्यांच्या झोपड्या उठवल्या गेल्या, पायऱ्या झाल्या, आणि अंगठा देणाऱ्यांना खरोखरच गाळे मिळाले. रविवारी नावांत बसायला सगळी सिटी लोटायची. सकवारबाई हंडे घेऊन गावाबाहेरच्या बेळ्ळंदूरच्या तळ्याकडे गेली. अंबूबाई लोकांची धुणीभांडी करू लागली.

वर्षभरानं हुकूम आला, की रंगाचं पाणी त्या सुधारलेल्या तळ्यात सोडायचं नाही. गाळेवाले रंगारी बांगड्या आणि ताक विकू लागले. सकवारबाई मुद्दाम अंबूबाईला भेटायला गेली आणि म्हणाली, बघ, मी सांगत नव्हते?

“तुझा संशय खरा ठरला, अक्का,” अंबूबाई म्हणाली. “पण घर माझं गेलं.”

सकवारबाई तशीच माघारी फिरली.

पुढं विठोजीच बेळ्ळंदूरला आला. बहिणीच्या नावचा एक गाळा त्यानं कमिटीत भांडून राखून ठेवला होता. तो अजून रिकामाच आहे, असं त्यानं सांगितलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, पण बस म्हटलं नाही.

“खरं सांग. रंग बंद होणार, हे तुला ठाऊक होतं?”

“ठाऊक नव्हतं,” तो म्हणाला. “पण मी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं, तर नको ते ऐकावं लागलं असतं.”

भावाचं हे बोलणं तिला पहिल्यांदाच पुरतं पटलं. गाळा अंबूबाईच्या नावावर कर, ती म्हणाली. सरी, बरं, आत्ताच करतो, असं म्हणून तो उठला. तिनं पायांत चपला घातल्या. त्याला एकट्याला कचेरीत पाठवायची तिची तयारी नव्हती.

कागदावर अंबूबाईचा अंगठा उमटेपर्यंत ती टेबलापाशी उभी राहिली. त्यानंतर बेळ्ळंदूरला रंगवलेली लुगडी अंबूबाईच्या गाळ्यात विकायला जाऊ लागली. विठोजी कधीमधी ती गाडीवर चढवायला यायचा. सकवारबाई त्याला कॉफी द्यायची, आणि गठ्ठे स्वतः मोजून घ्यायची.